खाकीवर उगारलेला हात

मुंबईतील खार येथे २३ ऑगस्ट २०१६ रोजी वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी पेट्रोल पंपाजवळ एका अल्पवयीन दुचाकीस्वाराला हटकले. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि त्या वयात परवाना असण्याचा प्रश्नच नव्हता. मुलाने फोन करून थोरल्या भावाला बोलावून घेतले, बाचाबाची झाली आणि त्या बाचाबाचीत शिंदे यांच्या डोक्यात लाकडी दांडक्याचा प्रहार बसला. लीलावती रुग्णालयात आठ दिवस मृत्यूशी झुंज दिल्यानंतर ३१ ऑगस्ट रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांचे वय ५२ वर्षे होते.

या घटनेत दंगल नव्हती, मोर्चा नव्हता, पूर्ववैमनस्य नव्हते. एका भरदुपारी, रहदारीच्या रस्त्यावर, शे-दोनशे रुपयांच्या दंडाच्या प्रसंगातून एका पोलिसाचा बळी गेला. पुढच्याच आठवड्यात, गणेशोत्सवातील दीड दिवसाच्या विसर्जनाच्या वेळी, कल्याणजवळ तिसगाव येथील तलावावर बंदोबस्तात असलेल्या एका उपनिरीक्षकाला कार्यकर्त्यांनी पाण्यात ढकलून बुडवण्याचा प्रयत्न केला. राज्यात त्या काळात संतापाची लाट उसळली, पोलिसांच्या पत्नींनी आपले गाऱ्हाणे मांडले आणि कायदा कडक करण्याची मागणी झाली. २०१८ मध्ये तो कडक झालाही. आज मात्र तो कडकपणा कायद्याच्या पुस्तकात उरलेला नाही, याची जाणीव फारच थोड्यांना आहे. ही गोष्ट समजून घ्यायची तर पोलिसांवर हात नेमका कोण, कोठे आणि कशासाठी उगारतो येथून सुरुवात करावी लागते.

हल्ल्याचे तीन प्रकार

वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'पोलिसांवर हल्ला' हे दोन शब्द सरसकट वापरले जातात. प्रत्यक्षात त्यांच्याखाली तीन अगदी भिन्न प्रकार एकत्र कोंबलेले असतात.

पहिला प्रकार म्हणजे सशस्त्र गटांनी ठरवून केलेला घात. गडचिरोली जिल्ह्याने तो सर्वाधिक सोसला. फेब्रुवारी २००९ मध्ये मरकेगाव येथे १५ आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लाहेरी येथे १७ पोलीस नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात ठार झाले. १ मे २०१९ रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्र दिनी, जांभुळखेडा येथे भूसुरुंग स्फोटात १५ जवान व त्यांच्या वाहनाचा खासगी चालक मृत्युमुखी पडला. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अजमल कसाबची रायफल आपल्या देहावर झेलणारे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे हेही याच यादीतले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. या प्रकारच्या हल्ल्याला दंडसंहितेतील एखादे कलम पुरे पडत नाही; ते युद्धच असते, आणि त्याची उत्तरे प्रशिक्षण, गुप्तवार्ता व शस्त्रसामग्री यांत शोधली जातात.

दुसरा प्रकार जमावाचा. भिवंडीत जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेच्या वादातून उसळलेल्या हिंसाचारात पोलिसांच्या गोळीबारात दोन नागरिक ठार झाले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांचा जीव घेतला. मुंबईच्या आझाद मैदानावर ११ ऑगस्ट २०१२ रोजी झालेल्या दंगलीत दोन जणांचा मृत्यू झाला व पन्नासहून अधिक जखमी झाले. जखमींत बहुसंख्य पोलीसच होते आणि बंदोबस्तावरील महिला पोलिसांचा विनयभंग झाला, ही त्या दिवसाची सर्वांत लाजिरवाणी बाब होती. नागपुरात मार्च २०२५ मध्ये झालेल्या दंगलीत तिशीहून अधिक पोलीस जखमी झाले, त्यांत तीन उपायुक्त होते. जमावाच्या प्रसंगात 'पहिला दगड कोणाचा' हा वाद बहुधा कायमचाच राहतो. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे सप्टेंबर २०२३ मध्ये आंदोलकही जखमी झाले, पोलीसही. लाठीमाराबद्दल तत्कालीन गृहमंत्र्यांनी जाहीर क्षमायाचना केली, परंतु दोन्ही बाजूंचे दावे आपापल्या जागी तसेच उभे राहिले.

तिसरा प्रकार खारचा. एक पोलीस, एक नागरिक आणि मध्ये एक अडवलेली गाडी. किंवा बंद करायला लावलेला ध्वनिक्षेपक, अथवा टाळेबंदीच्या दिवसांत विचारलेला 'कोठे चाललात?' हा साधा प्रश्न. पंजाबात पतियाळा येथे १२ एप्रिल २०२० रोजी संचारबंदीचा पास मागणाऱ्या पोलीस पथकावर तलवारी चालल्या आणि सहायक उपनिरीक्षक हरजीत सिंग यांचा हात मनगटापासून तुटला. चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी तो दीर्घ शस्त्रक्रियेनंतर पुन्हा जोडला. महाराष्ट्रातही त्या टाळेबंदीच्या काही महिन्यांत पोलिसांवरील हल्ल्यांच्या दोनशेहून अधिक घटना नोंदल्या गेल्या.

शहरी वाचकाच्या रोजच्या जगण्याशी संबंध येतो तो या तिसऱ्या प्रकाराचा, आणि धोरणकर्त्यांचे सर्वांत कमी लक्ष असते तेही याच प्रकाराकडे. घातपातानंतर चौकशी समिती नेमली जाते, दंगलीनंतर पोलीस आयुक्त बदलतात. चौकात कानफटात खाल्लेल्या शिपायासाठी एक गुन्हा दाखल होतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच चौकात उभा असतो.

रस्त्यावरची ती दोन मिनिटे

शिंदे यांनी त्या दिवशी जे केले ते मोटार वाहन कायद्याच्या चौकटीत चोख बसणारे होते. हेल्मेटची सक्ती कलम १२९ मध्ये आहे. विनापरवाना किंवा वयाची अट न पाळता वाहन चालवले जात असेल तर ते ताब्यात घेण्याचा अधिकार कलम २०७ देते, आणि चालकाचा परवाना जप्त करण्याचा अधिकार कलम २०६ मध्ये आहे. गाडीची किल्ली काढून घेण्याची जी सवय आपण चौकाचौकांत पाहतो, तिचा मात्र या कलमांत कोठेही उल्लेख नाही. हे वाहनचालकालाही ठाऊक असते, आणि किल्लीकडे पोलिसाचा हात गेला की तेथेच ठिणगी पडते. कायद्याने दिलेला अधिकार वापरायचा की अंगवळणी पडलेली रीत, याचा निर्णय शिपायाने क्षणार्धात, एकट्याने आणि उन्हातान्हात करायचा असतो.

त्याहून घातक रीत म्हणजे गाडीसमोर आडवे उभे राहण्याची. पळू पाहणाऱ्या मोटारीपुढे पोलीस उभा राहतो, चालक गाडी तशीच पुढे दामटतो आणि जीव वाचवण्यासाठी पोलिसाला बॉनेटला लटकावे लागते. नोव्हेंबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड आणि मुंबईतील अंधेरी येथे अशा घटना घडल्या. एप्रिल २०२३ मध्ये वाशीत अमली पदार्थांच्या अमलाखालील चालकाने एका वाहतूक पोलिसाला बॉनेटवर कित्येक किलोमीटर फरफटत नेले. त्या ध्वनिचित्रफिती लाखो लोकांनी पाहिल्या आणि पोलिसाच्या धैर्याचे कौतुकही झाले. प्रस्तुत लेखकाला मात्र त्या पाहताना एकच प्रश्न पडत आला आहे : गाडीचा क्रमांक डोळ्यांसमोर असताना माणसाने चालत्या मोटारीपुढे उभे राहावे, अशी अपेक्षा मुळात कोणी आणि का रुजवली?

ऑक्टोबर २०१६ पासून मुंबईत ई-चलान सुरू झाले व पुढे ते राज्यभर पोहोचले. क्रमांकाचे छायाचित्र काढले की दंड नोंदणीकृत मालकाच्या नावे जमा होतो. रोख रकमेचा व्यवहार घटला, त्याबरोबर 'साहेब, मिटवून टाका' या संवादालाही बऱ्यापैकी ओहोटी लागली. पण छायाचित्राला काही मर्यादा आहेत. चालक मद्यधुंद आहे काय, त्याच्याजवळ परवाना आहे काय, तो अठरा वर्षांचा तरी आहे काय, हे क्रमांकपट्टी सांगत नाही. ज्या चालकापासून इतरांना आणि पोलिसालाही सर्वाधिक धोका संभवतो, नेमके त्यालाच प्रत्यक्ष थांबवावे लागते. श्वासचाचणीचे यंत्र तोंडाशी धरायचे तर हातभर अंतरावर जावेच लागते.

त्यामुळे यंत्राने कामाचा सोपा भाग स्वतःकडे घेतला आणि अवघड भाग शिपायाकडे ठेवला. अशा वेळी दुसरा सहकारी सोबत असणे, अंगावर चित्रण करणारा कॅमेरा असणे आणि नाकाबंदीत अडथळे अशा रीतीने रचणे की गाडीचा वेग आपोआप मंदावेल, या तीन गोष्टी कोणत्याही कलमापेक्षा अधिक उपयोगी ठरतात. कॅमेऱ्याचा लाभ दुहेरी असतो. हल्लेखोराला तो रोखतो आणि पोलिसाच्या जिभेलाही लगाम घालतो.

थकव्याचा मुद्दाही येथे दुर्लक्षून चालणार नाही. बारा-बारा तास उभ्याने काढलेल्या माणसाच्या स्वरातील कडवटपणा हा नेहमीच स्वभावदोष नसतो. देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्येच आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला आणि पुढे तो मुंबईतील इतर ठाण्यांतही नेण्यात आला. त्या प्रयोगाची मूळ कल्पना एका पोलीस शिपायाची होती, ही नोंद करण्याजोगी गोष्ट.

आकडे काय सांगत नाहीत

पोलिसांवर होणाऱ्या हल्ल्यांची संख्या किती, याचे सरळ उत्तर मिळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी कर्तव्यावर मृत व जखमी झालेल्या पोलिसांची आकडेवारी देतो. तिच्यात अपघातांत मरण पावलेल्यांचा वाटा मोठा असतो. हल्ल्यांच्या गुन्ह्यांची मोजणी करताना हा विभाग 'प्रमुख गुन्हा' हे तत्त्व वापरतो. एका फिर्यादीत अनेक कलमे असली तरी सर्वांत कठोर शिक्षेचे एकच कलम मोजले जाते. वाशीच्या घटनेसारख्या प्रकरणात खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागले की ती घटना त्या रकान्यात जाते, आणि खारसारख्या प्रकरणात मृत्यू झाला की खुनाच्या. परिणामी 'लोकसेवकावरील हल्ला' या रकान्यात उरतात ती तुलनेने सौम्य प्रकरणे. सर्वांत भीषण घटना त्या रकान्यातून नाहीशा होतात. वर्षाअखेरीस 'हल्ले वाढले' वा 'घटले' असे सांगणाऱ्या बातम्या वाचताना, आणि आम्ही त्या लिहितानाही, ही बाब ध्यानात ठेवायला हवी.

३५३ चा प्रवास

भारतीय दंडसंहितेतील कलम ३५३ हे महाराष्ट्रात जवळजवळ बोलीभाषेतले झाले होते. लोकसेवकाला कर्तव्य बजावण्यापासून रोखण्यासाठी हल्ला करणे किंवा फौजदारी बळ वापरणे हा त्याचा गाभा. लोकसेवक काम करत असताना केलेला हल्ला, त्याला परावृत्त करण्याच्या हेतूने केलेला हल्ला आणि त्याने आधी केलेल्या कामाचा सूड म्हणून केलेला हल्ला, असे तिन्ही प्रसंग त्यात येतात. ड्युटी संपवून घरी निघालेल्या शिपायाला दुपारच्या दंडाबद्दल गाठून मारले तरी हे कलम लागू शकते ते यामुळेच. मूळ शिक्षा होती दोन वर्षांपर्यंत कारावास. दुखापत झाली तर कलम ३३२ आणि गंभीर दुखापत झाली तर कलम ३३३ लागे.

महाराष्ट्र विधिमंडळाने या तरतुदींत दुरुस्ती केली आणि ती जून २०१८ पासून अमलात आली. ३५३ ची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर गेली, ३३२ ची तीनवरून पाचवर, आणि हे खटले दंडाधिकाऱ्यांऐवजी सत्र न्यायालयात चालू लागले. येथे एक जुनी आठवण टाळता येत नाही. याच विधिमंडळाच्या आवारात मार्च २०१३ मध्ये वाहतूक शाखेच्या एका सहायक पोलीस निरीक्षकाला मारहाण झाली होती. निमित्त होते वांद्रे-वरळी सागरी सेतूवर एका आमदाराची गाडी अडवल्याचे. त्या प्रकरणी वेगवेगळ्या पक्षांचे पाच आमदार निलंबित झाले होते.

दुरुस्तीने हल्ले थांबले काय? पाच वर्षांची शिक्षा ऐकायला भारदस्त वाटते, परंतु सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ मध्येच बजावले आहे. गुन्हा अजामीनपात्र असला तरी आरोपी फार काळ आत राहतोच असे नाही. खटला सत्र न्यायालयात नेल्याने त्याचे वजन वाढले, तसा त्याचा वेळही वाढला. खून आणि बलात्काराच्या खटल्यांच्या रांगेत ढकलाढकलीचे खटले जाऊन उभे राहिले. गुन्हा तडजोडीस पात्र नाही, म्हणून किरकोळ वादात दोन्ही बाजूंना पश्चात्ताप झाला तरी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. शिवाय फिर्यादी पोलीस, साक्षीदार पोलीस आणि तपासी अंमलदारही पोलीस, अशी स्थिती असेल तर बचाव पक्षाचे काम सोपे होते. चौकात घटना पाहणारे शंभर जण असतात. न्यायालयात साक्षीला उभे राहणारा क्वचितच एखादा.

दुसरीकडे हे कलम पोलिसांपुरते कधीच नव्हते. तलाठ्यापासून पालिका आयुक्तांपर्यंत सर्वांना त्याचे कवच होते, आणि त्याचा वापर ढालीऐवजी तलवारीसारखा होतो, अशी तक्रार आमदारांनी विधिमंडळात वारंवार मांडली. रखडलेल्या कामाचा जाब विचारणाऱ्या नागरिकाला 'सरकारी कामात अडथळा' या शब्दांनी गप्प बसवल्याचे प्रकार पत्रकारांच्याही पाहण्यात येतात. आवाज चढवणे हा हल्ला नव्हे, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. बंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर कडवट मजकूर लिहिणाऱ्या एका दाम्पत्यावर चक्क कलम ३५३ लावण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये तो गुन्हा रद्द केला. फौजदारी बळ फेसबुकवरून वापरता येत नाही, एवढे सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा वेळ खर्ची पडला. असे गुन्हे नोंदवणारे अधिकारी एका नागरिकावर तर अन्याय करतातच, त्याशिवाय खरोखर मार खाल्लेल्या सहकाऱ्याच्या फिर्यादीची विश्वासार्हताही कमी करतात.

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि दंडसंहिता रद्द झाली. तिच्याबरोबर महाराष्ट्राने तिला जोडलेल्या दुरुस्त्याही गेल्या. जुन्या ३५३ ची जागा आता कलम १३२ ने घेतली असून, संसदेने केलेल्या या कलमात कमाल शिक्षा पुन्हा दोन वर्षे आहे. खटला पुन्हा दंडाधिकाऱ्यांसमोर. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र राहिला, एवढेच. दुखापतीच्या बाबतीत मात्र संहिता अधिक कठोर झाली आहे. कलम १२१ नुसार लोकसेवकाला कर्तव्यापासून रोखण्यासाठी दुखापत केल्यास पाच वर्षांपर्यंत, आणि गंभीर दुखापत केल्यास किमान एक व कमाल दहा वर्षे कारावास होऊ शकतो. कायद्याच्या भाषेत शारीरिक वेदना म्हणजेही दुखापत. तेव्हा कानशिलात मारलेली चपराक १२१ मध्ये बसवता येते. त्यासाठी ठाणे अंमलदाराने जखमी शिपायाला ताबडतोब वैद्यकीय तपासणीस पाठवून वेदनेची नोंद करून घेणे आवश्यक असते. सहकाऱ्यांच्या चेष्टेला भिऊन 'मला काही लागलेले नाही' असे सांगणारा शिपाई स्वतःच्या हाताने पाच वर्षांचे कलम दोन वर्षांवर आणत असतो.

३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्यांना जुनेच कलम आणि जुनीच शिक्षा लागू राहील. म्हणजे राज्यात काही वर्षे तरी एकाच प्रकारच्या कृत्याचे काही खटले सत्र न्यायालयात पाच वर्षांच्या शिक्षेसाठी आणि काही दंडाधिकाऱ्यांसमोर दोन वर्षांच्या शिक्षेसाठी चालतील.

राज्यातील अनेक सरकारी कचेऱ्यांत 'शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३ अन्वये कारवाई' अशा पाट्या लावण्याची पद्धत पडली होती. नव्या संहितेतही ३५३ क्रमांकाचे कलम आहे. त्याचा विषय आहे अफवा आणि सार्वजनिक उपद्रवास चिथावणी देणारी विधाने.